दोचुला ओलांडून पुढे: भूतानच्या नऊ रात्री कशा आखाव्यात

भूतानमध्ये भारतीय पर्यटकाला दर रात्रीचे १,२०० रुपये सरकारला द्यावे लागतात. सगळी आखणी या आकड्यापासून सुरू करा. हॉटेलवाल्याशी, गाडीवाल्याशी घासाघीस करता येते, इथे नाही. २०२२च्या सप्टेंबरमध्ये देश पर्यटकांना पुन्हा खुला झाला, तेव्हापासून हे शुल्क प्रत्यक्षात घेतलं जातं. 'शाश्वत विकास शुल्क' असं त्याचं लांबलचक नाव आहे, बोलताना सगळे एसडीएफच म्हणतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ते निम्मं, त्याहून लहानांना माफ. म्हणजे आईबाबा आणि नऊ वर्षांची मुलगी नऊ रात्री राहिले, तर मोठ्यांचे २१,६०० आणि मुलीचे ५,४०० असे २७,००० रुपये फक्त राहण्याच्या परवानगीचे झाले. खोली, जेवण, गाडी वेगळी.

हा हिशेब पाहिला की आपली पहिली प्रतिक्रिया असते, दिवस कमी करू. मग पाच रात्रींची सहल ठरते: दोन थिंफू, एक पुनाखा, दोन पारो. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. प्रत्येक रात्रीला पैसे मोजायचेच असतील तर त्या रात्री राजधानीतल्या बाजारपेठेत का घालवायच्या? थिंफूच्या पूर्वेला दोचुला नावाची खिंड आहे. आपल्याकडची बहुतेक मंडळी तिथून फार तर पुनाख्यात उतरतात आणि माघारी फिरतात. फोब्जिखा, त्रोंग्सा आणि बुमथांग त्यापुढे आहेत, आणि या देशाचं मूळ तिकडे आहे. म्हणून ही आखणी नऊ रात्रींची. त्यातली थिंफूला फक्त एक.

कागदपत्रं

व्हिसा लागत नाही, प्रवेश परवाना लागतो. त्यासाठी किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. आधार कार्ड चालत नाही. हे वाक्य दोनदा वाचा, कारण सीमेवरून परत फिरणाऱ्यांमध्ये आधारवाले बरेच असतात. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला लागतो आणि तो इंग्रजीत हवा. आपल्याकडचे नवे दाखले दोन्ही भाषांत असतात. ग्रामपंचायतीचा हाताने लिहिलेला, फक्त मराठीतला जुना दाखला असेल तर निघण्याआधी नवा काढून घ्या.

एक घरगुती भानगड बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मतदार ओळखपत्र माहेरच्या नावाचं, पासपोर्ट सासरच्या नावाचा आणि विमानाचं तिकीट तिसऱ्याच स्पेलिंगचं, असं असेल तर एकच कागद निवडा आणि परवाना, तिकीट, हॉटेल सगळं त्याच नावाने करा.

परवान्याचा अर्ज ऑनलाइन आधी करता येतो, किंवा सीमेवर फुंटशोलिंगच्या इमिग्रेशन कार्यालयात. पारोला विमानाने उतरणाऱ्यांना तो विमानतळावर मिळतो. आधी करून ठेवणं बरं, कारण भूतानचं घड्याळ आपल्यापुढे अर्धा तास असतं. कार्यालय त्यांच्या घड्याळाने उघडतं आणि, जास्त महत्त्वाचं म्हणजे, त्यांच्याच घड्याळाने बंद होतं.

थिंफू आणि पारो यांच्या पुढे जायचं तर परवानाधारक भूतानी मार्गदर्शक सोबत असणं बंधनकारक आहे. पाच रात्रींच्या सहलीपेक्षा आपली सहल महाग होते ती मुख्यतः इथे. त्यामुळे चार-सहा जणांचा गट जमवा, म्हणजे मार्गदर्शक आणि गाडी दोन्हीचा खर्च वाटला जातो. मार्गदर्शकाचं ओझं मानू नका. वाटेत तपासणी नाके असतात, पहिला मोठा नाका दोचुलाच्या चढावर होंगत्शो इथे लागतो. तिथली कागदं तोच सांभाळतो. आणि मंदिरातल्या भिंतीवरचं चित्र कशाचं आहे हे सांगणारं माणूस नसेल तर पाच मंदिरांनंतर सगळी सारखीच दिसू लागतात.

स्वतःची गाडी किंवा बुलेट घेऊन जायचं स्वप्न असेल तर भारतीय नोंदणीच्या गाडीला फुंटशोलिंगच्या पुढे दिवसाला ४,५०० रुपये पडतात. नऊ रात्रींचे दहा दिवस धरा आणि तुम्हीच गुणाकार करा. भूतानी टॅक्सी ठरवणं केव्हाही स्वस्त.

कधी जायचं

मार्च ते मे आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. जून ते ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात आणि पूर्वेकडचा रस्ता तासन्तास बंद राहतो, तेव्हा या मार्गाच्या फंदात पडू नका.

दोन्हींतून निवडायचं झालं तर मी नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा घेईन. वसंतात ऱ्होडोडेंड्रॉन फुलतात आणि पारोचा मोठा त्सेचू, म्हणजे मुखवट्यांच्या नृत्यांचा उत्सव, भरतो. तरी नोव्हेंबरात आकाश धुतल्यासारखं असतं, छपरांवर लाल मिरच्या वाळत असतात आणि फोब्जिख्यात काळ्या मानेचे क्रौंच येऊन पोहोचलेले असतात. ११ नोव्हेंबरला तिथल्या गांगते मठाच्या अंगणात क्रौंचांचा उत्सव होतो, शाळेची मुलं पांढरे-काळे पंख लावून नाचतात. शक्य असेल तर तारखा त्याभोवती बसवा. उत्सवाच्या काळात खोल्या लवकर भरतात, एवढं ध्यानात ठेवा.

शिरायचं रस्त्याने, निघायचं विमानाने

मुंबई-पुण्याहून बागडोगरापर्यंत विमानाने या, किंवा रेल्वेने न्यू जलपाईगुडीला. तिथून सीमेलगतचं जयगाव चार-साडेचार तास, वाटेत दुआरचे चहाचे मळे. रेल्वेने हासीमारा स्टेशनपर्यंत गेलात तर तिथून जयगाव अर्ध्या-पाऊण तासावर. रात्री जयगावातच राहा. ते भारतात आहे, एसडीएफचं मीटर सुरू होत नाही. गाव गजबजलेलं आणि धुळकट आहे, पण एका रात्रीचा प्रश्न आहे.

सकाळी सीमा ओलांडली की कान आधी सांगतात की देश बदलला. हॉर्न बंद होतात.

रस्त्याने शिरायला सांगण्याचं कारण फक्त पैसे नाहीत. फुंटशोलिंग समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटरवर आहे आणि थिंफू २,३०० मीटरवर. पाच-सहा तासांत हवा, झाडं, घरांची छपरं डोळ्यांदेखत बदलत जातात आणि शरीरालाही सवय होते. हा रस्ता भारताच्या सीमा रस्ते संघटनेच्या 'दंतक' प्रकल्पाने बांधला. हा प्रकल्प १९६१मध्ये सुरू झाला. त्याच्या आधी, १९५८ला पंडित नेहरू भूतानला गेले तेव्हा गाडीरस्ताच नव्हता. सिक्कीममधून नथुला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यावर बसून ते पारोला पोहोचले होते. वळणावळणावर दंतकच्या पाट्या लागतात. घाटाचं नाव काढताच पोटात ढवळणारी मंडळी गटात असतील तर गाडी लागण्याच्या गोळ्या पहिल्या दिवसापासून जवळ ठेवा. या सहलीत उंचीचा त्रास क्वचित होतो, वळणांचा हमखास.

पहिली रात्र: थिंफू

सिग्नलचे दिवे नसलेली राजधानी, चौकात पांढरे हातमोजे घातलेला पोलीस. हे पाहून झालं की स्मारक चोर्तेनला जा. १९७४ला बांधलेल्या या स्तूपाभोवती म्हातारी माणसं दिवसभर जपमाळ ओढत फिरत असतात, आपल्याकडे देवळाच्या पारावर बसतात तशी. डोंगरावरचा सुमारे ५१ मीटर उंचीचा बुद्ध मोठा आहे, पोटात सव्वा लाख लहान बुद्धमूर्ती आहेत. मला तो आवडला नाही, तुम्हाला आवडेल कदाचित.

थिंफूहून निघताना मात्र सिमटोखा झोंगला तासभर द्या. झोंग म्हणजे अर्धा किल्ला, अर्धा मठ. एका चौकात जिल्ह्याची कचेरी, दुसऱ्या चौकात भिक्षू. तिबेटातून १६१६ला इथे आलेल्या झाबद्रुंग नावांग नामग्यालने एकेक खोरं जोडत देश उभा केला, आणि सिमटोखा हा त्याने १६२९ला बांधलेला पहिला झोंग. शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म १६३०चा. आपल्याकडे सह्याद्रीत गडकोटांच्या बळावर राज्य उभं राहायचं होतं, त्याच शतकात हिमालयात झोंगांच्या बळावर हा देश उभा राहत होता. गड चढून मोठी झालेली माणसं झोंगमध्ये शिरली की आधी दरवाजा, उतार आणि पाण्याची सोय बघतात. बघाच. फरक एवढाच की आपले बहुतेक किल्ले ओस पडले, हे अजून नांदते आहेत.

दुसरी रात्र: दोचुला आणि पुनाखा

दोचुला सुमारे ३,१०० मीटरवर. 'ला' म्हणजे खिंड, आणि वाक्याच्या शेवटी लावलेला 'ला' म्हणजे आपला 'जी'. 'कुझुझांगपो ला' म्हटलं की नमस्कार झाला, 'कादिनछे ला' म्हणजे आभार. दोन शब्द पाठ करून जा, समोरच्याचा चेहरा उजळतो.

खिंडीत १०८ चोर्तेन आहेत. फोटो सगळे काढतात, ते का बांधले हे थोडेच विचारतात. आसाममधल्या उल्फासारख्या भारतीय बंडखोर संघटनांनी दक्षिण भूतानच्या जंगलात तळ ठोकले होते. डिसेंबर २००३मध्ये भूतानच्या सैन्याने ते उखडले आणि मोहिमेचं नेतृत्व खुद्द चौथ्या राजाने केलं. त्याच्या आणि शहीद सैनिकांच्या सन्मानार्थ राणी आशी दोर्जी वांगमो वांगचुक यांनी हे स्मारक उभारलं. सकाळी नऊच्या आत पोहोचलात आणि ढग नसले तर उत्तरेला गांगखार पुएनसुम दिसतं. उंची ७,५७० मीटर, आणि अजून कोणीही त्यावर चढलेलं नाही. चढू दिलंच जात नाही. शिखरं देवांची, म्हणून २००३पासून गिर्यारोहणावर पूर्ण बंदी आहे.

इथून रस्ता दीड-दोन तासांत १,२५० मीटरवर उतरतो आणि भातशेती सुरू होते. उबदार हवेमुळे प्रमुख धर्मगुरू, म्हणजे 'जे खेन्पो', आपल्या भिक्षूंसह हिवाळा पुनाख्यातच काढतात.

पुनाखा झोंगसाठी सबंध दुपार राखून ठेवा. फो छू आणि मो छू, म्हणजे नर नदी आणि मादी नदी, यांच्या संगमावर तो उभा आहे. बांधकाम १६३७-३८चं. १९०७ला पहिला राजा उग्येन वांगचुक इथेच गादीवर बसला. आताच्या राजाचं २०११चं लग्नही इथलंच. दाराकडे जाणारा लाकडी जिना कमालीचा उभा आहे. शत्रू आला की वर ओढून घ्यायचा, अशी सोय.

आत एका देवळात झाबद्रुंगचा देह जतन केलेला आहे, तिथे तुम्हाआम्हाला प्रवेश नाही. तो १६५१ला वारला. पण नव्याने जोडलेला देश फुटेल या भीतीने त्याचा मृत्यू पन्नासहून अधिक वर्षं लपवून ठेवला गेला. महाराज एकांतात ध्यानाला बसले आहेत असं सांगत राहायचं आणि हुकूम त्याच्या नावाने निघत राहायचे. मार्गदर्शकाला हे सविस्तर विचारा, तो रंगून सांगेल.

नदी मात्र झोंगचा विचार करत नाही. १९९४च्या ऑक्टोबरमध्ये उत्तरेला लुनाना भागात एका हिमसरोवराचा बांध फुटला आणि लोंढ्याने झोंगचं नुकसान केलं, माणसंही गेली.

वेळ उरला तर चिमी ल्हाखांग. १४९९चं हे छोटं देऊळ द्रुक्पा कुनले या अवलिया संताशी जोडलेलं आहे. मूल व्हावं म्हणून इथे जोडपी येतात. वाटेतल्या घरांच्या भिंतींवर रंगवलेली लिंगं पाहून आपल्याकडची मंडळी एकतर खुदखुदतात किंवा मुलांचे डोळे झाकतात. तिथल्या लोकांना ती वाईट नजर घालवणारी खूण वाटते, आपल्या लिंबू-मिरचीसारखी. मुलांना तेवढंच सांगितलं तरी पुरतं.

तिसरी रात्र: फोब्जिखा

पुनाख्याहून तीनेक तास. वाटेत वांगदू फोद्रांगचा झोंग दिसतो. १६३८चा हा झोंग २०१२च्या जूनमध्ये आगीत खाक झाला. भारताच्या मदतीने तो पुन्हा बांधला गेला आणि २०२२ला त्याची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. लाकूडकाम, रंग, सगळं नवं आणि तरी जुन्याच पद्धतीचं. नवं बांधकाम असं होऊ शकतं हे बघण्यासाठी तरी गाडी थांबवा.

फोब्जिखा ही सुमारे २,९०० मीटरवरची रुंद, सपाट, दलदलीची हिमनदीची दरी. मुलांना 'इथे काय बघायचं?' असा प्रश्न पडेल, कारण पहिल्या नजरेला तिथे काहीच नाही. बसून राहा. तिबेटच्या पठारावरून काळ्या मानेचे क्रौंच ऑक्टोबरअखेर इथे उतरतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत मुक्काम करतात. येताना आणि जाताना ते गांगते मठाला प्रदक्षिणा घालतात असं गावकरी सांगतात. तारांना पक्षी धडकू नयेत म्हणून या दरीत विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या आहेत. क्रौंच केंद्रात दुर्बिणी लावलेल्या असतात. दलदलीत उतरून जवळ जायचा मोह आवरा, पक्षी उडाले की दिवसभराचं खाणं बुडतं त्यांचं. मठापासून पाईनच्या रानातून उतरणारी दोन तासांची पायवाट आहे, घरातल्या आजीलाही जमेल अशी.

इथे हॉटेल नको, एखाद्या शेतकऱ्याच्या घरी राहा. रात्री बुखारीभोवती, म्हणजे लाकडाच्या शेगडीभोवती, बसायचं, आणि आधी सांगून ठेवलं तर गरम दगडांची अंघोळ मिळते. नदीतले गोटे विस्तवात लाल होईपर्यंत तापवतात, लाकडी टबच्या एका कप्प्यात सोडतात, चर्र आवाज होतो आणि पाणी कढत होतं. घाटात आंबलेलं अंग त्यात मोकळं होतं. थंडी मात्र हाड फोडणारी असते. नोव्हेंबरात पहाटे पाणी गोठतं, तेव्हा थर्मल, कानटोपी, लोकरीचे मोजे हवेतच.

चौथी आणि पाचवी रात्र: बुमथांग

फोब्जिख्याहून निघालं की पेले ला ही ३,४०० मीटरची खिंड लागते आणि पश्चिम भूतान संपतो. याक दिसायला लागतात, वाहनं कमी होतात. दोन-तीन तासांनी एका वळणावर समोरच्या डोंगराच्या कडेला त्रोंग्सा झोंग दिसतो आणि सगळे म्हणतात, आलंच. आलेलं नसतं. मधली दरी इतकी खोल आहे की तिला वळसा घालून पोहोचायला अजून अर्धा-पाऊण तास जातो, आणि तेवढा वेळ झोंग समोर दिसत राहतो. जुन्या काळी पूर्व-पश्चिम जाणारी पायवाट या झोंगच्या दारांतूनच जायची. जो त्रोंग्सा धरेल त्याच्या हातात देशाची कंबर. इथल्या सरदाराला 'पेन्लोप' म्हणत. त्याच घराण्यातून आजचं राजघराणं आलं आणि राजा होण्याआधी युवराजाला त्रोंग्सा पेन्लोप व्हावं लागतं, ही रीत अजून आहे. झोंग परतीच्या वाटेवर बघायचा आहे, आज जेवून पुढे निघा. योतोंग ला ओलांडून संध्याकाळी बुमथांगमधल्या जकारला.

बुमथांगला दोन रात्री म्हणजे एक अख्खा दिवस तिथलाच, त्यातला अर्धा गाडीशिवाय. भूतानमधला हा बहुधा सगळ्यात सुखाचा पायी फेरफटका: जांबे ल्हाखांगपासून कुर्जेपर्यंत शेतातून, मग पूल ओलांडून पलीकडे तामशिंग. रमतगमत अर्धा दिवस.

जांबे ल्हाखांग इ.स. ६५९चं मानलं जातं. तिबेटी राजा सोंगत्सेन गाम्पो याने, हिमालयावर उताणी पडलेल्या राक्षसिणीला खिळून ठेवण्यासाठी, एका दिवसात १०८ देवळं बांधली अशी कथा आहे. त्यांतलं हे एक, आणि पारोचं क्यिचू दुसरं. कुर्जे म्हणजे देहाचा ठसा. आठव्या शतकात गुरू रिंपोछे, म्हणजे पद्मसंभव, इथल्या गुहेत ध्यानाला बसले आणि खडकावर त्यांच्या देहाची खूण उमटली अशी श्रद्धा आहे. सिंधू ते ब्रह्मपुत्रा पसरलेल्या हिमालयात ज्यांचं नाव घेतलं जातं ते हे गुरू, आणि भूतानमध्ये बौद्ध धर्म रुजला तो त्यांच्यापासून.

तामशिंग वेगळं. १५०१ला पेमा लिंग्पा या भूतानी संताने ते उभारलं आणि भिंतींवरची जुनी चित्रं अजून टिकून आहेत. आत लोखंडी कड्यांचं एक जड चिलखत ठेवलंय, ते पेमा लिंग्पाने स्वतः घडवलं असं सांगतात. ते खांद्यावर घेऊन देवळाला तीन प्रदक्षिणा घातल्या की पापं हलकी होतात. खांदे जड होतात हे नक्की. पाठीचं दुखणं असेल त्यांनी पापं राहू द्यावीत.

दुपारी गाडीने मेम्बार त्शो, 'जळतं सरोवर'. खरं तर नदीचा खोल डोह आहे. पेमा लिंग्पा पेटती दिवली घेऊन यात उडी मारून गेला आणि गुप्त ग्रंथ घेऊन वर आला तेव्हा दिवली तेवतच होती. काठ निसरडे आहेत आणि पाण्याला ओढ आहे. मुलांचा हात सोडू नका.

बुमथांगला भात कमी, कुट्टू जास्त. कुट्टूची धिरडी, 'खुले', आणि शेवयांसारखा 'पुता' आवर्जून मागा. इथे स्विस पद्धतीचं चीज आणि मधही मिळतो. घरी न्यायला खरेदी करायची ती इथे करा.

सहावी ते आठवी रात्र: परतीची वाट

आलेल्याच वाटेने परत. हे अनेकांना जिवावर येतं, पण दुसरा सोयीचा रस्ता नाही. पारो-बुमथांग विमान आहे, ते हवामानावर चालतं. वृद्ध मंडळींसाठी तो पर्याय विचारात घ्या, मात्र पुढचं मुख्य विमान त्याच्या भरवशावर धरू नका.

सहावी रात्र त्रोंग्सात. दुपारी झोंग आणि वरच्या टेहळणी बुरुजातलं संग्रहालय. बुमथांगमध्ये देवळं पाहून झाल्यामुळे आता संग्रहालयातल्या वस्तू ओळखीच्या वाटतात, म्हणूनच ते परतीला ठेवलं. सातवी रात्र पुनाख्यात, पाच-सहा तासांच्या प्रवासानंतर फक्त आराम. आठव्या दिवशी पारो. वाटेत तामचोगला गाडी थांबवून लोखंडी साखळ्यांचा झुलता पूल बघा. पंधराव्या शतकात थांगतोंग ग्याल्पो नावाच्या साधूने हिमालयभर असे पूल बांधले, त्या परंपरेतला हा.

नववी रात्र: पारो आणि ताक्त्सांग

ताक्त्सांग, म्हणजे आपल्याकडे सगळे म्हणतात ते टायगर्स नेस्ट, शेवटी ठेवलंय ते मुद्दाम. माझ्या पहिल्या खेपेला सहल आखणाऱ्याने ते विमानातून उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी ठेवलं होतं. आमच्यातले तिघं अर्ध्या वाटेवरच्या उपाहारगृहात डोकं धरून बसले आणि तिथूनच खाली उतरले. आठ दिवस उंचीवर काढल्यावर तीच चढण निम्मी वाटते.

वाहनतळापासून वर-खाली मिळून पाच-सहा तास धरा. सकाळी सातला चालायला लागा. तिकीट खालीच घ्यायचं, वर मिळत नाही. घोडे उपाहारगृहाच्या आसपासपर्यंतच जातात आणि फक्त चढताना, उतरताना सगळ्यांनाच पायी यावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी हे लक्षात घेऊन ठरवावं, कारण उतारच गुडघे मारतो. काठी घ्या. उपाहारगृहातून मठाचं दर्शन छान होतं, तिथे थांबण्यात कमीपणा नाही. त्यापुढे चढण, मग समोर मठ दिसतो तिथून काही शे पायऱ्या दरीत उतरायच्या, धबधब्याजवळचा पूल ओलांडायचा आणि पुन्हा तेवढ्याच चढायच्या. रायगड पायी चढणाऱ्याला यात अवघड काही नाही, फक्त श्वास लवकर फुलतो, कारण मठ ३,१०० मीटरच्या वर आहे.

फोन, कॅमेरा, पिशव्या दाराशी जमा कराव्या लागतात. वाघिणीवर बसून गुरू रिंपोछे इथे आले, ती गुहा आत आहे. मठ १६९२चा. १९९८ला आगीत जळाला आणि तसाच पुन्हा बांधून काही वर्षांनी खुला झाला. कड्याच्या खोबणीत हे लाकूड-दगड वर कसं नेलं असेल हा प्रश्न चढतानाच पडतो, स्वतःची पाण्याची बाटली जड झालेली असते तेव्हा.

हातात आणखी एक रात्र असेल तर चेले ला. फलकावर ३,९८८ मीटर लिहिलंय. पलीकडे 'हा' नावाचं खोरं, जिथे भारतीय सैन्याचं प्रशिक्षण पथक अनेक दशकांपासून आहे. नसेल तर हळहळू नका.

खाणं आणि पैसा

एमा दात्शी, म्हणजे मिरची आणि चीज. मिरची इथे मसाला नाही, भाजी आहे. ठेचा खाणाऱ्या घरातल्या माणसानेही पहिल्या दिवशी जरा बेताने घ्यावं. मुलांसाठी बटाट्याची केवा दात्शी किंवा अळंब्यांची शामू दात्शी. सोबत लाल भात. वरणभात जवळपास सगळीकडे मिळतो, शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, फक्त जेवणात तोचतोचपणा येतो. तेव्हा लसणाची चटणी आणि भाजके पोहे बॅगेत असू द्या. पानाच्या शौकिनांना एक इशारा: तिथला 'दोमा' ओल्या, आंबवलेल्या सुपारीचा असतो. खाल्ल्यावर कानशिलं तापतात आणि घाम फुटतो. आधी चिमूटभरच.

चलन न्गुलत्रुम, किंमत आपल्या रुपयाइतकीच. रुपयेही चालतात, शंभराच्या नोटा सगळ्यात बिनघोर. भूतानने २०२१लाच भीम यूपीआय स्वीकारलं, पण फोब्जिख्यातल्या दुकानात त्याच्या भरवशावर राहू नका, रोख ठेवा. थिंफूत किंवा फुंटशोलिंगला पर्यटकांचं सिमकार्ड घ्या.

झोंगमध्ये आणि देवळांत पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी उतरवलेली, प्रदक्षिणा आपल्यासारखीच उजवी बाजू आत ठेवून. गाभाऱ्यात फोटो नाही. ड्रोन घरी ठेवा.

निघताना

उरलेले न्गुलत्रुम पारोतच संपवा. जयगावात ते चालतात, दिल्ली-मुंबईत कोणी घेत नाही. पारोची धावपट्टी डोंगरांच्या मधोमध आहे, विमानं दिवसाउजेडी आणि डोळ्यांनी बघूनच उतरवावी लागतात. ढग आले की उड्डाण लांबतं. म्हणून दिल्ली किंवा कोलकात्याहून पुढचं घरचं विमान त्याच दिवशी संध्याकाळचं घेऊ नका, दुसऱ्या दिवशीचं घ्या. दिल्लीला जाणारं सकाळचं विमान असेल तर उजवीकडची खिडकी मागा. आधी कांचनगंगा दिसते, मग एव्हरेस्ट.